स्वादुपिंडाचा रस कुठे सोडायचा? : एका शस्त्रक्रियेच्या गुंतागुंतींचा इतिहास

२०२३ या वर्षात भारतात एकूण १८,३७८ अवयवप्रत्यारोपणे झाली. त्यांपैकी मूत्रपिंडाची १३,४२६ होती. स्वादुपिंडाची किती? फक्त २७. त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि चेन्नईतील मधुमेह संशोधन संस्था यांच्या संयुक्त पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख असल्याचे अनुमान प्रसिद्ध केले होते. स्वादुपिंडाच्या बिघाडाशी निगडित असलेला आजार कोट्यवधी लोकांना आहे आणि ते इंद्रिय बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र त्या वर्षी तीसजणांच्याही वाट्याला आली नाही. ही तफावत वाचून कुणालाही प्रश्न पडेल, तसा मलाही पडला. माझे शिक्षण भौतिकशास्त्रातले. शस्त्रक्रियागृहाशी माझा संबंध वाचनापुरता. परंतु या प्रश्नाचा माग काढताना असे दिसले की त्याच्या उत्तराचा मोठा भाग प्रवाह, दाब, गळती आणि मोजमाप या ओळखीच्या गोष्टींत आहे, आणि उरलेला भाग चेन्नईच्या अलीकडच्या इतिहासात आहे. म्हणून हे टिपण.

प्रथम हे स्पष्ट करू की १० कोटी मधुमेहींपैकी बहुतेकांना या शस्त्रक्रियेची गरज नसते. ती मुख्यतः पहिल्या प्रकारच्या मधुमेहासाठी आहे. या आजारात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. अशा रुग्णाची मूत्रपिंडेही कालांतराने निकामी झाली, तर त्याला मूत्रपिंड हवेच असते. मूत्रपिंड दिले की नव्या अवयवाच्या रक्षणासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. मग एवढी किंमत मोजलीच आहे, तर त्याच दात्याचे स्वादुपिंडही का बसवू नये? मधुमेहच गेला तर नवे मूत्रपिंडही त्याच्या तडाख्यातून वाचेल. संयुक्त प्रत्यारोपणामागचा युक्तिवाद इतका सरळ आहे. अडचण आहे ती स्वादुपिंडाच्या स्वभावात.

स्वादुपिंड एकाच देहात दोन व्यवसाय करते. त्यातील पेशींची छोटी बेटे इन्सुलिन तयार करून थेट रक्तात सोडतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली आपल्या प्रबंधात ती प्रथम वर्णिली. परंतु ही बेटे म्हणजे इंद्रियाचा अगदी लहानसा अंश. बाकीचे सारे इंद्रिय पाचकरस गाळण्यात गुंतलेले असते. दिवसाकाठी एक ते दोन लिटर रस, त्यात प्रथिने व चरबी फोडणारी विकरे आणि भरपूर बायकार्बोनेट. आपल्या देहात हा रस एका नळीवाटे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात, म्हणजे आद्यांत्रात उतरतो आणि तिथे अन्न पचवतो. हा रस आतड्याऐवजी पोटाच्या पोकळीत सांडला तर तो भोवतालच्या ऊतींवर तेच काम सुरू करतो. रुग्णाला इन्सुलिन हवे असते. मिळते ते इन्सुलिन आणि त्यासोबत हा रस. पुढची साठ वर्षे शल्यविशारद एकाच प्रश्नाशी झगडत राहिले : हा रस सोडायचा कुठे?

मधुमेहाचे मूळ स्वादुपिंडात आहे हे १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी दाखवले. त्यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्या कुत्र्याला तीव्र मधुमेह जडला. त्यानंतर चारच वर्षांनी, डिसेंबर १८९३ मध्ये, ब्रिस्टल येथील डॉ. वॉटसन विल्यम्स यांनी मधुमेहाने मरणाच्या दारी पोचलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले. मुलगा तीन दिवसांत गेला. परक्या प्राण्याची ऊती देह नाकारतो हे ज्ञान अजून दूर होते. इन्सुलिन हा शब्ददेखील वैद्यकाच्या कोशात नव्हता. १९२१-२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिन वेगळे काढले गेले आणि प्रत्यारोपणाची कल्पना मागे पडली. सुईने काम भागत असताना पोट उघडायचे कशाला?

परंतु इन्सुलिनने मृत्यू पुढे ढकलला, आजार संपवला नाही. पूर्वी जी मुले वर्षभरातच दगावत, ती आता वीस-पंचवीस वर्षे जगू लागली आणि त्या काळात त्यांचे डोळे, मज्जातंतू व मूत्रपिंडे हळूहळू झिजू लागली. नव्या उपचाराने नवा रुग्णवर्ग निर्माण केला. १९५४ साली बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एकसारख्या जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण केले; त्यानंतरच्या दशकात प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आली आणि जुनी कल्पना पुन्हा डोके वर काढू लागली.

१७ डिसेंबर १९६६ रोजी मिनेसोटा विद्यापीठात विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय यांनी २८ वर्षांच्या एका स्त्रीला मूत्रपिंड आणि स्वादुपिंडाचा काही भाग एकाच वेळी बसवला. मधुमेहामुळे तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती. रसाच्या प्रश्नावर त्यांनी काढलेला तोडगा अगदी साधा होता : नळी बांधून टाकली. वाट बंद केली की रस तयार होणेही थांबेल, अशी अपेक्षा. पहिले काही दिवस रक्तातील साखर इन्सुलिनविना आटोक्यात राहिली. मानवी इतिहासात प्रथमच परक्या स्वादुपिंडाने मधुमेह थोपवला होता, पण जेमतेम सहा दिवस. कोंडलेल्या रसाने रोपित इंद्रियाला सूज आली. पुढे देहाने अवयव नाकारले. आणि अखेर फुफ्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीने त्या स्त्रीचा मृत्यू झाला. आज या शस्त्रक्रियेच्या गुंतागुंतींची यादी करायला बसले, तर स्वादुपिंडदाह, अवयव नाकारला जाणे आणि रक्त गोठणे ही तिन्ही नावे त्या पहिल्याच रुग्णाच्या नोंदीत सापडतात.

लिलेहाय यांनी लगेच मार्ग बदलला. पुढच्या शस्त्रक्रियांत त्यांनी संपूर्ण स्वादुपिंड दात्याच्या आद्यांत्रासह घेतले आणि रसाला वाट करून दिली. आज आपण ज्याला योग्य पद्धत मानतो तिच्याशी हे बरेच जवळचे होते. पण त्या काळची औषधे दुबळी होती, स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रांनी जखमा भरत नसत आणि आतड्याचा एखादा टाका सुटला की जंतुसंसर्ग जिवावर बेतत असे. १९७७ च्या मध्यापर्यंत साऱ्या जगात मिळून अशा साठही शस्त्रक्रिया झाल्या नव्हत्या आणि वर्षभर टिकलेले स्वादुपिंड हा अपवाद होता. कल्पना बरोबर असूनही तिला पेलणारी परिस्थिती नव्हती. विज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते, आणि अशा वेळी लोक कल्पनेलाच दोष देऊन दुसरीकडे वळतात.

येथेही तसेच झाले. आतडे धोक्याचे, तर त्याला टाळायचे कसे, याचे नाना मार्ग शोधले गेले. न्यूयॉर्क येथे मार्विन ग्लीडमन यांनी स्वादुपिंडाची नळी मूत्रवाहिनीला जोडून पाहिली. फ्रान्समधील लिऑन येथे जाँ-मिशेल द्यूबर्नार यांनी १९७८ च्या सुमारास नळीतच कृत्रिम रबरासारखे द्रव्य टोचून ती आतून बुजवली. शस्त्रक्रिया त्यामुळे सोपी व सुरक्षित झाली. मात्र बुजलेले इंद्रिय कालांतराने तंतुमय होऊन आक्रसते आणि त्या आक्रसण्यात इन्सुलिनची बेटेही सापडतात, असे पुढे दिसून आले.

मग विस्कॉन्सिन येथील हान्स सोलिंगर यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी रसाला मूत्राशयाची वाट दिली. आयोवा येथील न्गिएम आणि कॉरी यांनी दात्याच्या आद्यांत्राचा तुकडा मध्ये ठेवून तोच जोड अधिक भक्कम केला. वाचणाऱ्याला ही योजना विचित्र वाटेल, पण तिचे तर्कशास्त्र पक्के होते. मूत्राशय आतड्यासारखा जंतूंनी भरलेला नसतो. टाका सुटला तर मूत्रमार्गात नळी घालून दाब कमी करता येतो आणि बहुधा छिद्र आपोआप भरते. शिवाय एक अनपेक्षित लाभ होता : स्वादुपिंडाचे एक विकर, अमायलेज, आता मूत्रात मोजता येऊ लागले. ते एकाएकी घटले की देह अवयव नाकारू लागला आहे, असा इशारा रक्तातील साखर वाढण्याच्या कितीतरी आधी मिळे. साखर वाढते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ज्या इंद्रियात डोकावता येत नव्हते, त्याला अशी एक खिडकी मिळाली. दशकभर बहुतेक केंद्रांनी हीच पद्धत अवलंबली.

खिडकीची किंमत रुग्ण चुकवत होता. रसातील बायकार्बोनेट मूत्रावाटे वाहून जाई आणि रक्तात आम्लता वाढे; दिवसाला लिटर-दीड लिटर द्रव जादा बाहेर पडून शरीर कोरडे होई. विकरांमुळे मूत्राशयाला आणि मूत्रमार्गाला दाह होई, लघवीतून रक्त जाई, वारंवार संसर्ग होई. मधुमेहाने मूत्राशयाच्या नसा आधीच क्षीण झालेल्या असत; त्यामुळे तुंबलेले मूत्र उलट्या दिशेने स्वादुपिंडात शिरून त्याला सूज आणी. अनेक रुग्णांवर दुसरी शस्त्रक्रिया करून तो जोड मूत्राशयावरून काढून आतड्यावर न्यावा लागला. जीव वाचला होता, पण जगणे सुखाचे नव्हते.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वारे पुन्हा आतड्याकडे वळले. स्टॉकहोम येथील ग्रोथ आणि अमेरिकेतील थॉमस स्टार्झल यांनी १९८० च्या दशकातच आतड्याची वाट खुली ठेवली होती. आता परिस्थिती तिला पेलू लागली. सायक्लोस्पोरिन आणि नंतर टॅक्रोलिमस या औषधांमुळे स्टेरॉइडची मात्रा घटली. बेल्झर आणि साउथर्ड यांनी विस्कॉन्सिन येथे तयार केलेल्या द्रावणात इंद्रिय थंड ठेवून अधिक काळ टिकवता येऊ लागले. आणि मूत्रातील खिडकीची गरजही कमी झाली होती, कारण एकाच दात्याचे मूत्रपिंड शेजारी पहारेकऱ्यासारखे होतेच. देहाचा हल्ला बहुधा दोन्ही अवयवांवर होतो आणि मूत्रपिंडावरचा हल्ला रक्तातील क्रिएटिनिन मोजून लगेच कळतो. संयुक्त प्रत्यारोपणातील मूत्रपिंड असे दुहेरी काम करते. लिलेहाय यांची मूळ वाट तीस वर्षांनी पुन्हा चालू लागली.

रसाचा प्रश्न असा बराचसा मार्गी लागला, तेव्हा दुसरा ठळकपणे पुढे आला : रक्त गोठण्याचा. रोपित स्वादुपिंड पहिल्या काही दिवसांतच गमावण्याचे सर्वांत मोठे तांत्रिक कारण आजही रक्ताची गुठळी हेच आहे. मूत्रपिंडात ती तुलनेने विरळा. मग स्वादुपिंडातच का? येथे शाळेतले भौतिकशास्त्र उपयोगी पडते. स्वादुपिंडाच्या शेपटाकडील रक्तवाहिन्या मुळात प्लीहेसाठी असतात. प्लीहा रक्ताने भरलेले इंद्रिय. तिच्याकडे जाणारा प्रवाह मोठा, म्हणून वाहिन्याही रुंद. प्रत्यारोपणात प्लीहा काढून टाकतात. वाहिनीची रुंदी तीच राहते, पण तिच्यातून वाहणाऱ्या रक्ताचे प्रमाण एकदम घटते. प्रवाहाला छेदाच्या क्षेत्रफळाने भागले की वेग मिळतो. म्हणजे वेग घटला. मंद रक्त, वाहिनीच्या आतील अस्तराला झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती या तीन कारणांचे त्रिकूट रुडॉल्फ विर्शो यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून ओळखले जाते. रोपित स्वादुपिंडात ही तिन्ही कारणे एकत्र नांदतात.

त्यात भर म्हणजे जोडणीची गुंतागुंत. दात्याचे यकृतही त्याच वेळी कुणा दुसऱ्यासाठी काढायचे असते आणि दोन्ही इंद्रियांचे रक्तमार्ग एकमेकांत गुंतलेले असतात. मुख्य खोड बहुधा यकृताबरोबर जाते. स्वादुपिंडाच्या वाट्याला दोन सुट्या रोहिण्या येतात. मग दात्याच्याच कमरेतील दुभागणारी रोहिणी घेऊन तिच्या दोन फांद्या त्यांना जोडतात आणि एकच देठ रुग्णाच्या रोहिणीला शिवतात. या जोडात किंचित पीळ पडला तरी ते महागात पडते. सारख्याच दाबाखाली नळीतून जाणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या २० टक्क्यांनी घटली तर प्रवाह ४१ टक्क्यांवर येतो. म्हणून रक्त पातळ करणारी औषधे द्यावीत, तर मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तपट्टिका नीट काम करत नसतात आणि तो रक्तस्रावाकडे झुकलेला असतो. एका बाजूला गुठळी, दुसऱ्या बाजूला रक्तस्राव. डॉक्टरांना यांच्यामधून दर काही तासांनी नवा तोल साधावा लागतो.

या गुंतागुंती खरोखर कमी झाल्या का, हे कळायचे तर त्या मोजल्या पाहिजेत, आणि मोजायच्या तर 'गुंतागुंत' म्हणजे काय हे ठरले पाहिजे. बराच काळ ते ठरलेलेच नव्हते. एका रुग्णालयात जी 'किरकोळ तक्रार' ती दुसऱ्यात 'गंभीर घटना' असे. १९९२ साली पिएर-आलँ क्लाव्हिएँ आणि सहकाऱ्यांनी, व २००४ साली डिंडो यांच्यासह सुधारून, एक मोजपट्टी मांडली. गुंतागुंत किती वाईट वाटली हे न विचारता, ती निस्तरण्यासाठी काय करावे लागले हे ती विचारते. साध्या औषधांनी भागले, रक्त द्यावे लागले, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, अतिदक्षता विभागात इंद्रिय निकामी झाले, की मृत्यू आला. शब्दांवर मतभेद होऊ शकतो. पुन्हा पोट उघडले की नाही, यावर होऊ शकत नाही. मिनेसोटाच्याच शल्यविशारदांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात १९८५ ते १९९४ या काळात जवळजवळ एकतृतीयांश रुग्णांचे पोट पुन्हा उघडावे लागले होते. १९९४ ते १९९७ या काळात हे प्रमाण एकपंचमांशाच्या खाली आले. आज अनुभवी केंद्रांत वर्षअखेर सुमारे नव्वद टक्के स्वादुपिंडे कार्यरत असतात. ही प्रगती खरी आहे. पण ती त्या जुन्या, अप्रिय आकड्यांमुळेच दिसते.

आता भारताकडे वळू. आपल्याकडे प्रत्यारोपणाचे धाडस उशिरा आले असे नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, केपटाउन येथील पहिल्या हृदयप्रत्यारोपणानंतर तीन महिन्यांच्या आत, हृदयप्रत्यारोपण केले होते. रुग्ण काही तासच जगला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले. मधुमेहाच्या बाबतीत तर मद्रास अग्रेसर होते, डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९४८ मध्ये तेथील स्टॅन्ली रुग्णालयात मधुमेहींसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला होता. कौशल्य होते, रुग्ण होते. नव्हते ते स्वादुपिंड.

मूत्रपिंडे दोन असतात. एक देऊन माणूस जगू शकतो. म्हणूनच ते विकत घेता येते. १९८० व ९० च्या दशकांत मद्रासमध्ये हा बाजार इतका उघड होता की विल्लिवाक्कम या वस्तीला लोक 'किडनीवाक्कम' म्हणू लागले. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या बायका पोटावरचा लांब व्रण दाखवत. स्वादुपिंड एकच असते. त्याचा तुकडा जिवंत दात्याकडून घेण्याचा प्रयोग मिनेसोटात १९७९ मध्ये झाला, पण तो दात्यालाच मधुमेहाच्या दारात नेऊ शकतो, म्हणून अपवादच राहिला. संपूर्ण स्वादुपिंड मिळते ते मेंदूमृत व्यक्तीकडूनच. म्हणजे जिथे बाजार चालत होता तिथे मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया वाढली, आणि ज्या शस्त्रक्रियेला अनोळखी कुटुंबाच्या संमतीवाचून गत्यंतर नव्हते ती खोळंबली.

मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियमाने मिळाली. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने संसदेला असा कायदा करण्यासाठी राज्यांचे ठराव लागत; ते ठराव करणाऱ्या तीन राज्यांत महाराष्ट्र व गोवा होते, तिसरे हिमाचल प्रदेश. तमिळनाडूने तो कायदा नंतर स्वीकारला. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू प्रमाणित करायचा, अशी तरतूद झाली. १९९७ साली डॉ. सुनील श्रॉफ यांनी चेन्नईत 'मोहन फाउंडेशन' ही संस्था काढून अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातलगांशी बोलणारे समन्वयक तयार करायला आरंभ केला. तरीही २००७ च्या आरंभी उत्तर चेन्नईतील एर्णावूर येथील त्सुनामीग्रस्त वस्तीत कोळी स्त्रियांनी मूत्रपिंडे विकल्याचे उघड झाले. कायदा कागदावर होता. बाजार रस्त्यावर होता.

त्यानंतर राज्य हलले. २००८ मध्ये तमिळनाडूने मृत दात्यांच्या अवयवदानाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. डॉ. जे. अमलोरपवनाथन हे रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद त्याचे संयोजक होते. सरकारी व खाजगी रुग्णालयांची एकच प्रतीक्षायादी, वाटपाचे जाहीर नियम आणि मेंदूमृत्यू घोषित करण्याची सक्त कार्यपद्धती, ही त्याची अंगे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चेन्नईजवळच्या एका डॉक्टर दांपत्याने अपघातात मेंदूमृत झालेल्या आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाचे अवयव दिले. त्याचे हृदय पोलिसांनी रस्ते मोकळे करून अकरा मिनिटांत शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचवले. वृत्तपत्रांनी ती बातमी घरोघर नेली आणि अवयवदानाविषयीचे बोलणे त्या राज्यात बदलले. २०२३ पासून तेथे अवयवदात्याच्या अंत्यसंस्काराला शासकीय मानवंदना दिली जाते.

ही व्यवस्था नसती तर संयुक्त स्वादुपिंड-मूत्रपिंड प्रत्यारोपण चेन्नईत नियमितपणे होणे शक्यच नव्हते. स्वादुपिंड फार नाजूक. बर्फात ते साधारण बारा तासांच्या आत बसवावे लागते, मूत्रपिंड याहून बराच काळ तग धरते. दाता तरुण आणि सडपातळ लागतो. चरबी साठलेले स्वादुपिंड रक्तप्रवाह पूर्ववत होताच सुजते. म्हणजे देऊ केलेल्या स्वादुपिंडांतले थोडेच उपयोगी ठरते, आणि ते ठरवायला अनुभवी डोळा लागतो. ऑक्सफर्ड येथे काम करून आलेले डॉ. अनिल वैद्य यांनी आधी अपोलोत आणि नंतर एमजीएम हेल्थकेअरमध्ये या शहरात स्वादुपिंड, आतडे व बहुअवयव प्रत्यारोपणाचे काम उभे केले. चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था आणि कोचीचे अमृता रुग्णालय यांनीही ही शस्त्रक्रिया रुजवली. दक्षिणेत आणखी एक विशेष आहे. उष्ण प्रदेशात आढळणाऱ्या एका प्रकारात स्वादुपिंडात खडे होऊन ते वाळते. तेथे इन्सुलिनही नसते आणि पाचकरसही नसतो. अशा रुग्णाला रस आतड्यात सोडणारे नवे स्वादुपिंड मिळाले तर दोन्ही उणिवा एकदम भरून निघतात. रसाला मूत्राशयाची वाट दिली असती तर अर्धे दान वाया गेले असते.

विद्यार्थ्यांसाठी या साऱ्यातून एक गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्याकडे एका केंद्रात अशा शस्त्रक्रिया वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होतात, आणि बातमीत 'शंभर टक्के यश' असे शब्द येतात. समजा, एखाद्या केंद्राने सलग २० शस्त्रक्रिया एकही स्वादुपिंड न गमावता केल्या. मग गुठळीचा धोका शून्य आहे का? खरा धोका ७ टक्के असला तरी वीसच्या वीस सुरळीत पार पडण्याची शक्यता जवळजवळ चारांत एक असते. ०.९३ चा विसावा घात काढून पाहा. संख्याशास्त्रात यासाठी 'तीनचा नियम' आहे : क्ष शस्त्रक्रियांत एकही अपयश नसेल, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की धोका ३ भागिले क्ष याहून अधिक नाही. वीस शस्त्रक्रियांसाठी ही मर्यादा १५ टक्के येते. म्हणजे त्या केंद्राचे कौशल्य उत्तम असू शकेल, पण तेवढ्या आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही. सिद्ध व्हायचे तर सर्व केंद्रांनी आपल्या नोंदी, अपयशांसह, एकत्र ठेवल्या पाहिजेत. जगभरातील स्वादुपिंड प्रत्यारोपणांची अशी नोंदवही डेव्हिड सदरलँड यांनी १९८० मध्ये सुरू केली. मूत्राशय की आतडे, हा वाद मिटला तो अशा एकत्रित नोंदींमुळे; कुण्या एका शल्यविशारदाच्या वक्तृत्वामुळे नव्हे.

हा आकड्यांचा आग्रह कोरडा वाटू शकतो. परंतु डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या तिशीतल्या रुग्णापुढे जो निर्णय असतो, तो याच आकड्यांचा असतो. घरातल्या कुणाचे मूत्रपिंड घ्यावे आणि इन्सुलिन चालू ठेवावे, की यादीत थांबून दोन्ही अवयव एकत्र घ्यावे? पहिल्यात शस्त्रक्रिया लहान व धोका कमी. दुसऱ्यात पोट पुन्हा उघडावे लागण्याची शक्यता जास्त, पण सारे सुरळीत झाले तर दिवसाच्या चार सुया, रात्री साखर घसरण्याची धास्ती आणि नव्या मूत्रपिंडावरील मधुमेहाचे सावट हे सारे जाते. दोन्ही उत्तरे योग्य असू शकतात. चूक ठरते ते फक्त अपुऱ्या माहितीवर दिलेले उत्तर.

कदाचित या शस्त्रक्रियेचे दिवसही मोजके असतील. २००० साली कॅनडातील एडमंटन येथे फक्त इन्सुलिनची बेटे वेगळी काढून यकृतात सोडण्याची पद्धत यशस्वी झाली. २०२५ मध्ये मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या बेटांच्या चाचणीत १२ पैकी १० रुग्ण वर्षाअखेर इन्सुलिनमुक्त असल्याचे प्रसिद्ध झाले. तेथे रस नाही, आतड्याचा जोड नाही, प्लीहेविना मंदावलेली रुंद वाहिनी नाही. पण तो आकडाही बारांचा आहे, आणि त्याला वरचा नियम लागू आहे. तोवर चेन्नईत एखाद्या रात्री मेंदूमृत्यू दुसऱ्यांदा प्रमाणित होईल, समन्वयक नातलगांशेजारी जाऊन बसेल, आणि त्यांनी होकार दिला तर बारा तासांचे घड्याळ सुरू होईल. त्या होकारानंतर काय काय घडले, चांगले आणि वाईट, याची पूर्ण नोंद ठेवणे हे त्या कुटुंबाचे आपल्यावरचे देणे आहे.